पित्त नव्हतं गं ते

"मला पित्त झालंय गं. जरा पडते."

नलूआत्याचा हा आवाज हेमांगीच्या कानात लहानपणापासूनचा. महिन्याच्या महिन्याला आत्या पोटाशी उशी दाबून कोपऱ्यात पडायची आणि घर तिला कोकमाचं सरबत पाजायचं. आत्या गेली. तो शब्द मागे राहिला, आणि वयात आल्यावर हेमांगीने तो उचलला.

आजही भर दुपारी ती कळा सोसत पडली आहे. ओटीवर खो-खोचे सर आलेत. बाबा त्यांना सांगताहेत, "पित्ताची प्रकृती हो तिची. जिल्ह्याच्या संघातनं नाव काढलंत तरी चालेल." ऐकता ऐकता पापण्या जडावतात.

ती मैदानात आहे. खांबाला टेकून आत्या बसलीय, पदर खोचून.

"आत्या, तू? तू तर..."

"गेले म्हणून काय झालं? खो! ऊठ, पळ!"

हेमांगी पळते. पायाखालचं मैदान गरगरतं, त्याचं जातं होतं. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढताहेत.

"तू सगळ्यांवर ओव्या गायल्यास, आत्या. भावावर, म्हशीवर, आपल्या चोरट्या मांजरावरसुद्धा."

"एक तेवढी राहिली." आत्या गाते,

"सरलं बाई दळण, उरलं मुठीत दाणं,
पोटातल्या कळेचं गं, कुणी केलं नाही गाणं."

जातं थांबतं.

"पित्त नव्हतं गं ते. पाळी आली की ओलं लुगडं पिळावं तसं आतून पिळायचं. लाजेनं पित्त म्हटलं, नि जन्मभर आंबट पीत बसले. तू नको पिऊस."

"बाबांपुढे कसं बोलू?"

"तोंडानं!" आत्या हसते, काकणं भरल्या हातानं तिचं मनगट गच्च धरते आणि ओढून उभी करते.

हेमांगी उभीच आहे, खाटेपाशी, टक्क जागी. मनगटावर काकणांच्या लालबुंद खुणा उमटल्यात. तिच्या हातात तर साधा दोराही नाही.

भिंत धरत ती ओटीवर येते.

"सर, नाव काढू नका. मला पित्तबित्त काही नाही."

"अगं, आत जा," बाबा पुटपुटतात. "सरांसमोर काय?"

"समोरच सांगते, बाबा." तिचा आवाज अंगण ओलांडून जातो. "पाळीत माझं पोट दुखतं. उभं राहवत नाही इतकं दुखतं. मला बायकांच्या डॉक्टरांकडे न्या. मला खेळायचंय."