भिंतीकडं तोंड करून

आई गेली तरी तिचा लँडलाइन नंबर सोडवेना. म्हणून तिचा जुना फोन इंटरनेटच्या डबीला जोडायला मी माणूस बोलावला. सोलापूरच्या उन्हातनं आला, तरी पाणी नको म्हणाला. प्रत्येक वायरचं टोक खोचण्याआधी तो शर्टाला पुसायचा.

"डबीचा आयता पासवर्ड ठेवू नका, कुनीबी आत शिरतंय," म्हणत त्यानं माझ्या मोबाइलवर पासवर्ड बदलायचं पान उघडून दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मी टाइप करू लागलो.

"गेलेल्या मानसाचं नाव टाकू नका. समदे तेच टाकतेत. चोरालाबी म्हाईत असतंय."

मी आईचं नाव खोडलं. दुसरं सुचेना. चिडून विचारलं, "मग तुमच्या घरी काय टाकलंय?"

तो वळला नाही.

"पोरीचं नाव. लई डाव बदलायला बसलो की. खोडवत न्हाय."