भाकरीला चमचा

ती केस अजून डोक्यातून जात नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, हैदराबादेतच जमादार होऊन रिटायर झालो. घडलं तसं सांगतो.

खबर दिली ती मुसी नदीकाठी गवत कापणाऱ्या एका म्हातारीने. "साब, टँकर आ के कुछ तो बी छोडता. घास जल जा री. एक भैंस मर गई, दुसरी खडी नै हो री."

शुक्रवारी दुपारी नमाजामुळे पुलावर गर्दी असते, खाली कोणी बघत नाही. तेव्हाच टँकर धरला. पण चूक माझी झाली. नमुना मी चहाच्या गाडीवरच्या रिकाम्या बाटलीत भरला. प्रदूषण मंडळाचे साहेब म्हणाले, "जमादार, हे कोर्टात चालत नाही."

राहिला ड्रायव्हर, नांदेडकडचा. एकच पालुपद, "पाणी होतं साहेब." टँकर कुठल्या कारखान्यातून भरला ते सांगितलं नाही तर तो एकटाच आत जाणार, आणि उद्या दुसरा टँकर येणार.

आमचा शिपाई म्हणाला, "पानी है तो पी के दिखा." ड्रायव्हरने हात मागे घेतले.

मी डबा उघडला. आमच्या मंडळी दोन भाकरी जास्तच द्यायच्या. म्हणायच्या, "ठाण्यात कुणी उपाशी असंल." ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण. त्याच्यापुढे ठेवलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, चमचा मिळंल का?"

"भाकरीला चमचा? नांदेडचा का लंडनचा रे तू?" शिपाई हसला.

मला हसू आलं नाही. त्याचा हात धरून उलटा केला. बोटांची कातडी गेलेली, आत लाल मांस. मीठ-मिरची लागली असती तर ओरडला असता.

"पाणी होतं म्हणतोस ना?"

तो रडायला लागला. "मालक म्हणला, मिठाचं पाणी हाय. व्हॉल्व हातानंच उघडावा लागतो. बोललो तर काम जाईल."

मी भाकरी वरणात कुस्करून चमचा दिला. खाऊन झाल्यावर म्हणाला, "चला, जागा दाखवतो."

पोलिसापुढचा जबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून मंडळाचे लोक आणि पंच सोबत घेतले. कारखान्याच्या टाकीतून नमुना त्यांनीच घेतला, त्यांच्याच बाटलीत, जागेवर सील करून. मालकावर केस उभी राहिली. ड्रायव्हर साक्षीदार झाला. हात बरे व्हायला फार दिवस लागले. म्हातारीची दुसरी म्हैस मात्र वाचली नाही.

या केसने मला शिकवलं, माणसाचं तोंड ऐकावं, पण हात आधी बघावेत. केस फोडली म्हणून शाबासकी मला मिळाली. फोडली होती बायकोच्या जादा भाकरीने. हे तिला सांगायचं राहून गेलं.

ती गेली. आता डबा मेसचा येतो. सोबत चमचा असतो. तो मी परत पाठवतो, माझे हात धड आहेत.