चूक कुणाची, हे मामा ठरवायचे

आमच्या मामांना समुद्र सोसत नसे. बंदराच्या धक्क्यावर नुसते उभे राहिले तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. अशा माणसाने उभी हयात जहाजांच्या अपघातांची चौकशी करण्यात घालवली, यात खात्यातल्या कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसून मामा जबाब वाचायचे आणि चूक कुणाची ते ठरवायचे. चुकांचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते: दुर्लक्ष, आळस, फाजील आत्मविश्वास, नियमभंग. जहाज केवढंही असो, दोष शेवटी सुकाणूवरच्या नाहीतर इंजिनखोलीतल्या एखाद्या गरिबाच्या माथी यायचा. मालकाची चूक असाही एक प्रकार छापील तक्त्यात तळाशी होता. मामा तिथवर कधी पोचलेच नाहीत. कंपनीची माणसं इस्त्रीच्या कपड्यात येत, अदबीने बोलत. खलाशी दारातच घुटमळत, घाम पुसत. माणसाची पारख मामा एवढ्यावरच करत.

घरीही तीच तऱ्हा. दूध उतू गेलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, "दुर्लक्ष."

"अहो, तुमचा मोजा शोधायला तुम्हीच नाही का हाक मारलीत?" मामी म्हणायची.

"हाक गौण आहे. दुधापाशी कोण होतं?"

मामी फडकं घेऊन ओटा पुसायला लागायची. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा ओटा पुसणं सोपं.

मामीचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर अधिकारी होता. त्याचं जहाज एका पहाटे रेतीच्या पट्टीवर चढलं. तळाला भगदाड पडलं, आणि धक्क्याने उकळतं पातेलं कलंडून स्वयंपाक्याचे हात भाजले. त्या वेळी जहाजाची दिशा सांभाळायचं काम धाकट्याकडे होतं आणि त्याला झोप लागली होती. पहिल्याच जबाबात त्याने ते कबूल केलं.

वरिष्ठ मामांना म्हणाले, "तुमचा मेहुणा आहे. प्रकरण दुसऱ्याकडे देऊ."

"कर्तव्यापुढे नातं कसलं, साहेब!" मामा म्हणाले. अशी संधी ते सोडतात होय! घरी आम्हाला हे वाक्य त्यांनी दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत.

धाकटा घरी आला तेव्हा मी तिथेच होते. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "भाऊजी, मी झोपलो हे खरं. पण आदला अख्खा दिवस माल चढवून घेत होतो, तिथून तसाच पहाऱ्याला उभा राहिलो. सोबतीला टेहळणीचा माणूस असायला हवा, तो कंपनीने कमी केलाय. डुलकी लागली तर जागं करणारा भोंगा बंद आहे. कप्तान कळवून कळवून थकले. उत्तर ठरलेलं, पुढच्या बंदरात बघू."

"ते सगळं असेल. डोळे कुणाचे मिटले?"

"माझे."

"संपलं तर मग."

मामी आतून बाहेर आली. "झोप लागली ही त्याची चूक, मान्य. पण त्याला झोपूच दिलं नाही, ती कुणाची?"

"तुला यातलं काही कळत नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

अहवालात एकच शब्द आला: दुर्लक्ष. धाकट्याचा परवाना रद्द झाला. इकडे खात्यात मामांसाठी टाळ्या वाजल्या. सख्ख्या मेहुण्याचीही गय केली नाही म्हणे! मामा टाळ्या खाऊन फुगून घरी आले, तेव्हा मामी पिशवी भरत होती.

"कुठे निघालीस?"

"भावाकडे. त्याच्यासाठी वकील बघायचाय."

तिने वकील गाठला, अपील केलं, कप्तानाला साक्षीला उभं केलं. अपिलाच्या मंडळावर एक म्हातारे दर्यावर्दी अध्यक्ष होते. त्यांनी मामांना विचारलं, "याच कंपनीची आधीची जहाजंही तुम्हीच तपासलीत ना? तिथेही भोंगे बंदच होते. तुमच्या ध्यानात नाही आलं?"

मामा ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, दर वेळी झोपलेला माणूस वेगळा होता."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. चष्मा काढून ठेवत ते म्हणाले, "बसा."

निकालात मोठा दोष कंपनीवर आला. धाकट्यालाही ठपका मिळाला, पण परवाना परत मिळाला. तो पुन्हा जहाजावर गेला, दुसऱ्या कंपनीच्या.

आता वाटेल, मामांना थोडी तरी लाज वाटली असेल. छे! अहवाल फिरवला गेला कारण टंकलेखिकेने महत्त्वाचा परिच्छेद गाळला, असं ते पहिल्याच दिवशी सांगू लागले. त्या बाईने मूळ कागद टेबलावर आपटून दाखवला. तसा परिच्छेद नव्हताच. "मग मी तोंडी सांगितला असेल, तिने ऐकला नसेल," मामा म्हणाले. खात्यानेही त्यांची योग्य ती कदर केली. त्यांना चौकशीतून काढून नव्या भरतीला शिकवायला बसवलं.

मामी परतली नाही. ती भावाच्या घरी पुढच्या खोलीत कपडे शिवते, गिऱ्हाइकांशी मोठमोठ्याने हसते. तिचं हसणं एवढं मोठं आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. मामा मात्र भेटेल त्याला सांगतात, बायको भावाच्या भरीस पडून गेली. मूळ कारण, भाऊ. मी अधूनमधून जाते त्यांच्याकडे, आईचा शब्द मोडवत नाही म्हणून. चहा होतो. ते कारणं सांगायला लागले की मी कप उचलते आणि विसळायला आत जाते.