हार घातलेलं विमान कोणाचं?

“कापूर नक्को साब! पंखों में पेट्रोल है!” सलीमभाई ओरडले, आणि आरतीचं ताट घेऊन विमानाकडे निघालेले रेड्डी सर जागच्या जागी थबकले. मी त्यांच्या मागे नारळ धरून उभा होतो. मीही थबकलो.

रेड्डी सर आमच्या फ्लाइंग स्कूलचे मालक. सलीमभाई आमचे इंजिनिअर. आणि मी, बँकेतली सुखाची नोकरी चाळिशीनंतर सोडून इथे ‘कॉन्ट्रॅक्ट्स मॅनेजर’ झालेला गृहस्थ. विमानातलं मला एवढंच कळायचं, की खिडकीची सीट चांगली. पण करारातलं कळतं असा माझा समज होता. घरी बायकोचाही होता, म्हणून तर तिने नोकरी सोडू दिली.

त्या दिवसांत आंध्र आणि तेलंगण अशी राज्याची वाटणी चालली होती. कोणतं ऑफिस कोणाकडे, कोणता साहेब कुठे, चहाच्या प्रत्येक कपाबरोबर हीच चर्चा. आम्ही ज्या चार्टर कंपनीकडून दोन इंजिनांचं जुनं विमान घेत होतो, तिथेही दोन भाऊ वेगळे होत होते. एक विजयवाड्याला निघालेला, दुसरा हैदराबादेत राहणारा. महिनाअखेरीस कंपनीच बंद. म्हणजे नंतर दोष सापडला तर भांडायला समोर दारावरची पाटीसुद्धा उरणार नव्हती.

जुनं विमान बहुतेक वेळा ‘ॲज इज, व्हेअर इज’ विकतात. जसं आहे तसं, जिथे आहे तिथे. घेतल्यावर कुरकुर करायची नाही. मी भांडून त्यात एक फट ठेवून घेतली होती. आधी सलीमभाई तपासणार. तपासणीत निघालेला दोष विक्रेता स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करणार. मग आम्ही ‘ॲक्सेप्टन्स सर्टिफिकेट’वर सही करायची. सहीनंतरचा प्रत्येक खडखडाट आमचा.

तपासणी दुपारी होती. मुहूर्त मात्र सकाळचा निघाला.

“पाटीलगारू, सही नंतर करू. देवाला कशाला थांबवायचं?” रेड्डी सर म्हणाले. तेलुगूतलं ‘गारू’ म्हणजे आपलं ‘राव’.

मला पटलं. पटायचंच, कारण नारळ आमच्या घरून आला होता.

शेवटी आरती हँगरच्या, म्हणजे विमानाच्या शेडच्या बाहेर, दुरूनच झाली. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, प्रोपेलरला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. नारळ मी फोडला. सलीमभाई लगेच गुडघ्यावर बसून करवंटीचे तुकडे वेचायला लागले. प्रोपेलर फिरला की असा तुकडा गोळीसारखा उडतो म्हणे. मीही खाली बसून वेचू लागलो. रेड्डी सरांनी तेवढ्यात फोटो काढला, खाली ‘आमचं नवं विमान’ असं लिहिलं आणि फोनमधल्या यच्चयावत ओळखीच्यांना पाठवला. त्यात विकणारे दोन्ही भाऊ होते.

दुपारी हार काढला. विक्रेत्याच्या पायलटने सलीमभाईंना घेऊन चाचणीचं उड्डाण केलं. इंजिनांचा आवाज इतका गोड, की मी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर सलीमभाईंनी दोन्ही इंजिनांच्या तेलाचे फिल्टर काढले. फिल्टरचा डबा कापतात आणि आतला घड्यांचा कागद उलगडून बघतात. डावा स्वच्छ होता. उजवा उन्हात धरला, तर चकाकत होता. जरीसारखा.

“सुंदर दिसतंय,” मी म्हणालो.

सलीमभाईंनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. “लोहा है साब. इंजन अपने आप को खा रा.”

म्हणजे आतला एखादा भाग झिजत होता. इंजिन पूर्ण उघडावं लागणार. तो खर्च आमच्यावर आला असता तर स्कूलला टाळं लागलं असतं. दोन इंजिनांवर शिकायला मिळेल म्हणून मुलांनी प्रवेश घेतले होते. रेड्डी सर स्टुलावर बसले ते उठेनात. मी मात्र छाती काढून म्हणालो, “सर, सही झालेली नाही. इंजिन त्यांचं!”

तेवढ्यात माझा फोन वाजला. उज्ज्वलाताई. विक्रेत्यांच्या वकील, आणि माझ्या बायकोच्या भिशीतल्या मैत्रीण.

“भावजी, अभिनंदन! विमान तुमचं झालं.”

“अहो, सही कुठे झालीय?”

“सही कशाला हवी? खरेदीदार मालकासारखा वागला की माल स्वीकारला, असं कायदा मानतो. हार घातलात, स्वस्तिक काढलंत, ‘आमचं’ म्हणून जगाला सांगितलंत. नारळ फोडताना तुम्ही फार छान दिसताय हो फोटोत.”

माझी छाती परत आत गेली.

काचीगुड्याला स्टेशनजवळ ताईंचं ऑफिस. मी आणि रेड्डी सर तासाभरात तिथे पोचलो. रेड्डी सर वाटेत एकच वाक्य बोलले. “पाटीलगारू, स्कूल गेलं तर आपण दोघं नारळाचं दुकान टाकू.”

ताईंनी चहा मागवला आणि शांतपणे मुद्दा पुन्हा मांडला. विमानाचा विमा अजून विक्रेत्याच्याच नावावर आहे, असं मी म्हणालो. किल्ल्या त्यांच्याकडे आहेत, उडवलं त्यांच्या पायलटने, हेही सांगितलं.

“ते सगळं खरं,” त्या म्हणाल्या. “पण परक्याच्या वस्तूची पूजा कोण करतं, भावजी?”

नजर चुकवायला मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे झेरॉक्स मशीन होतं. त्याच्या झाकणावर दसऱ्याचं हळदकुंकू, बाजूला वाळून कोळ झालेला हार, आणि त्या हाराच्याच खाली भाड्याने मशीन देणाऱ्या कंपनीचं स्टिकर.

मी ताडकन उठलो. चहा सांडला.

“ताई, हे मशीन कोणाचं?”

“भाड्याचं आहे. का?”

“मग पूजा कोणी केली?”

त्यांनी मान वळवून मशीनकडे पाहिलं.

“दसऱ्याला ड्रायव्हर सरकारी बसची पूजा करतो. बस त्याची होते? आपल्याकडे हात लावण्याआधी वस्तूला नमस्कार करतात, मालकी नंतर बघतात!”

“हे कोर्टात बोलाल?”

“बोलेन. साक्षीला तुमचं झेरॉक्स मशीन बोलावीन.”

रेड्डी सरांना मराठी येत नाही, आमचं बोलणं हिंदीत चालतं, पण ते टाळ्या वाजवायला लागले. उज्ज्वलाताई आधी हसू दाबत होत्या, मग त्यांनी तो नाद सोडला. आत जाऊन अशिलांशी फोनवर बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा पुन्हा वकील झाल्या होत्या.

“‘आमचं नवं विमान’ हे वाक्य तुम्हाला जड गेलं असतं, हे विसरू नका. पण विमा, किल्ल्या आणि पायलट आमच्या अंगावर आले असते. कंपनी बंद करताना भावांना कोर्टकचेरी नको आहे. इंजिन ते उघडून देतील.”

“लेखी द्या. आत्ता,” मी म्हणालो. त्यांनी दिलं. प्रत त्याच मशीनवर काढली.

इंजिनातला कॅमशाफ्ट नावाचा दांडा झिजलेला निघाला. विक्रेत्याने तो बदलला, इंजिन पुन्हा बांधून दिलं, सलीमभाईंनी फिल्टर पुन्हा कापला. कागद स्वच्छ निघाला आणि मग आम्ही सही केली.

पुढचं विमान परदेशातून घेतलं. त्या करारात मी एक कलम घातलं, की हार, कुंकू, लिंबू किंवा नारळ यांमुळे विमान स्वीकारलं असं समजू नये. तिकडच्या वकिलाने कलम लगेच मान्य केलं. फक्त एक शंका विचारली: नारळामुळे विमानाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची?

सलीमभाईंना विचारून मी लिहिलं, खरेदीदाराची.