'मराठी'चा टॅग मी लावला होता

शाहूपुरीत एका छापखान्याच्या माडीवर आमची चळवळ चालायची. शाळांतले संगणक चालवायला खुली, फुकट प्रणाली हवी आणि तीही मराठीत, ही मागणी. पत्रकं मी लिहायचो. सभेला शंभर आले की हजार लिहायचे, हे पहिल्याच आठवड्यात शिकलो.

त्या प्रणालीत सॉफ्टवेअरचा ढीग. प्रत्येकाला टॅग लावायचा, म्हणजे चिठ्ठीच: काम काय, कुणासाठी, भाषा कोणती. शिक्षकांनी टॅग बघून हवं ते निवडायचं. टॅग लावणारे आम्हीच, बिनपगारी. चार शब्द मराठीत आहेत असं कळलं की मी 'मराठी' ठोकून द्यायचो. उघडून कोण बघतंय! यादी लांब दिसली पाहिजे, 'मराठीत आहेच काय?' म्हणणाऱ्यांची थोबाडं बंद झाली पाहिजेत.

चंदगडकडच्या एका शाळेतल्या बाईंनी ती यादी खरी धरली. हेडमास्तर संगणकाची खोली बंद करून तिथं पोषण आहाराचा तांदूळ ठेवणार होते. बाईंनी पालकांना बोलावलं. सगळं मराठीत दाखवते म्हणाल्या. आमच्या यादीतली आठ सॉफ्टवेअर त्यांनी संगणकांवर घालून घेतली. मग पावसानं वीज गेली, ती थेट कार्यक्रमाच्या वेळी आली. तपासायचं राहिलं.

बाईंनी मलाही बोलावलं होतं; मी भाषण तयार ठेवून मागं उभा. पडद्यावर 'फाईल' आणि 'मदत' एवढंच मराठी. बाकी सगळं इंग्रजी. आठही तसलीच.

"बाई, मराठी कुठं दडलंय?" एका पालकानं विचारलं.

"पावसाला भिऊन घरात बसलंय की!" दुसरा म्हणाला. सगळे हसले.

हेडमास्तर माझ्याकडं वळले. "काय पावणं, हेच तुमचं मराठी व्हय?"

मी भाषांतराला दमडी न देणाऱ्या सरकारवर तावातावानं बोलायला लागलो. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या खोलीतलं खोटं माझं होतं, आणि हसू बाईंचं झालं होतं.

एसटीपर्यंत सोडायला आलेल्या बाई एवढंच म्हणाल्या, "एकदा उघडून तरी बघायचं होतं की."

पुढच्या आठवड्यात खोलीत तांदूळ गेला.

आता मी एकेक सॉफ्टवेअर उघडतो, शेवटपर्यंत बघतो आणि मराठी नसेल तर टॅग काढतो. "आपलीच अब्रू घालवतोस व्हय रं?" चळवळीतले ओरडतात. ओरडू देत. यादी एका पानावर आली आहे. ती बाईंना पाठवली. त्यांनी वाचली, असं फोनवर दिसतं. मी पुढचं सॉफ्टवेअर उघडतो.