चौकटीवरचे पाच ठिपके

भूत, करणी, साक्षात्कार... माझा कशावरही काडीचा विश्वास नाही. कसा असणार? मंडळाच्या पिकनिकला भुताच्या गोष्टी मीच सांगतो, आणि त्या सगळ्या पार्किंग लॉटपासून टेबलापर्यंत चालत येताना रचलेल्या असतात! ओळखणारे लोक माझं बोलणं मनातल्या मनात चारने भागतात. आज भागू नका... हात जोडतो.

न्यू जर्सी. एडिसनपासून गाडीने पन्नास मिनिटं, मक्याच्या शेताला लागून आमचं घर. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी एका डच शेतकऱ्याने बांधलेलं. दगडी भिंती, आणि चूल इतकी मोठी की आत गाडी पार्क करावी. (बरं, अर्धी गाडी.) पुढचं दार मात्र जेमतेम चोवीस इंच. मी रिटायर झाल्यावर सुनंदाने हट्टाने हे घर घ्यायला लावलं. राहायला आलो त्या दिवसापासून ती रोज सकाळी आंघोळ झाली की चौकटीवर, बाहेरून डाव्या बाजूला, पाच बोटांनी कुंकवाचे पाच ठिपके उमटवायची.

मग बातमी आली – मागच्या शेतात गोदाम येणार, आणि त्याचा रस्ता थेट आमच्या घरावरून! घर वाचवायचं तर हेरिटेज दर्जा मिळवायला हवा. गावाच्या कमिटीतली कॅरोल पाहणीला आली. छप्पर नंतरचं, खिडक्या नंतरच्या... तिचं तोंड उतरत चाललं होतं. तेवढ्यात तिला ते ठिपके दिसले.

"व्हॉट्स धिस?"

आता माझ्यासारख्याला गप्प बसवतं का? म्हटलं, "ओह, दॅट! त्या डच शेतकऱ्याच्या बायकोची खूण. पोरं आजारी पडू नयेत म्हणून. आधीच्या मालकांनीच सांगितलं."

दिलं ठोकून! सुनंदा आतून डोळे वटारून बघत होती. कॅरोल गेल्यावर म्हणाली, "अहो, माझं कुंकू त्या बाईच्या नावावर खपवलंत?"

दर्जा मिळाला, रस्ता वळला. रिपोर्टमध्ये आलं – चौकट अत्यंत महत्त्वाची, हात लावायचा नाही. हा किस्सा मी पुढे दोन पिकनिकांना सांगितला. लोक हसून हसून रडले.

गेल्या नोव्हेंबरात सुनंदाला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती रिहॅब सेंटरमध्ये आहे. तिची व्हीलचेअर सव्वीस इंचांची, त्याहून अरुंद खुर्चीत तिचा तोल राहत नाही. मागच्या दाराला आठ पायऱ्या, आणि ते दार पुढच्याहून चिंचोळं. उचलून आणावं तर माझी स्वतःची बायपास झालेली. दोनच शब्द ती स्पष्ट बोलते – "घरी न्या."

दार रुंद करायची परवानगी मागितली. उत्तर आलं – नाही.

मुलगी मुग्धा भडकली. "बाबा, यू लाइड टू देम? सो टेल देम द ट्रूथ नाऊ!"

गेलो. भरल्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हटलं, "मी खोटं बोललो. ते माझ्या बायकोचं कुंकू आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, पण ती चौकट कापू द्या. तिला घरात येऊ द्या."

आठवड्याभराने, लख्ख उन्हात, कॅरोल एका तपासनिसाला घेऊन आली. त्याने ओल्या कापसाने कुंकू पुसलं. साफ निघालं! सुटलो म्हणून मी डोळे मिटले. मग त्याने बारीक पात्याने रंग खरवडायला घेतला. एकाखाली एक, सात थर. मी स्वतः मोजले. मधल्या एकाही थरावर डाग नव्हता. आणि सातव्याखाली, उघड्या लाकडावर... पाच ठिपके. विटकरी, जुने, लाकडात मुरलेले. अगदी त्याच जागी.

कॅरोलने मला मिठीच मारली. "यू वेअर राइट ऑल अलाँग!"

"नाही हो!" मी ओरडलो. "मी थापाड्या आहे! कुणालाही विचारा!"

तिने माझा खांदा थोपटला. "सो मॉडेस्ट!"

तसाच सेंटरवर गेलो. सुनंदाला विचारलं, "अगं, ठिपके नेमके तिथेच का लावायचीस?"

तिला शब्द जुळवायला खूप वेळ लागला. "तिथं... बोटाला... गार लागायचं."

"म्हणजे?"

"पाच जागा. गार." याला एवढंही कळू नये, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

परत येऊन मी ती चौकट दुपारभर चाचपली. साधं लाकूड, उन्हाने तापलेलं.

शनिवारी मुग्धा तिला घेऊन येते. फळीवरून खुर्ची दारापर्यंत येते आणि अडते. सुनंदा डावा हात लांब करून पाच बोटं त्या पाच ठिपक्यांवर टेकवते, डोळे मिटून बसते. मी आतून चहा देतो, ती बाहेर बसून घेते. मग मुग्धा गाडी काढते.

मला याचा उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणी रंगातलं, लाकडातलं जाणणारं असेल, तर एखादं साधं, कंटाळवाणं कारण शोधून द्या हो... कमिटीपुढे मांडता येईल असं. मला दोनच इंच हवे आहेत.