इंदूआत्याचा भागाकार

शिरपूरच्या स्टँडवर रिसोडच्या गाडीची वाट पाहत उभी होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "निघाली ना? सावकाश ये," एवढंच म्हणाले... आणि त्या 'सावकाश'वरूनच मला कळलं. इंदूआत्या गेली होती. बाबांची धाकटी बहीण, रिठदला तीसेक वर्षं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरी नव्या तारेनं पुन्हा बांधून द्यायचं दुकान चालवणारी बाई. हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होती, दोनच दिवसांपूर्वी घरी आणलं होतं. मी तिला भेटायलाच निघाले होते. आता महिना होऊन गेलाय, तर शांतपणे लिहिता येतंय.

आत्या दहावी नापास. लग्नानंतर मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या दुकानात मदतीला बसायला लागली. मामांची नजर अधू होत गेली तसं तारेचे वेढे मोजणं तिच्याकडे आलं, मग कॉइल बसवणं, मग आख्खं दुकान. सुरुवातीला लोक मोटर घेऊन यायचे आणि 'मालक कुठी गेले?' म्हणून विचारायचे. ती हातातलं काम न थांबवता 'ठेवा तिथं' म्हणायची. मीटर वापरायला ती एका जुन्या पुस्तकावरून शिकली. व्होल्टला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. आत्या ते रोज वापरत होती. या दोन गोष्टींत किती अंतर असतं, ते मला एका दुपारी समजलं.

मी तेव्हा वाशीमला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत रिठदला घरी आले होते. गावाबाहेर गजाननभाऊंचा भाजीपाल्याचा मळा होता. त्यांच्या विहिरीवरची मोटर एका हंगामात तीनदा जळली, आणि तिन्ही वेळा ती आत्यानंच बांधलेली. ऐन उन्हाळ्यात वांगी, टमाटे सुकायला लागले. गजाननभाऊ भला माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. बाईच्या हाताचं वाइंडिंग टिकत नाही, असं चावडीवर उघड बोललं जाऊ लागलं. लोक मोटरी घेऊन रिसोडला जायला लागले. आत्या कुणाशी भांडली नाही. तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. मोटर चौथ्यांदा बांधली, दुकानामागच्या हौदावर सरळ लाइनवर चालवली आणि मीटर लावला. व्होल्ट सव्वादोनशे, करंट सात अँपिअर. तासभर चालली तरी मोटर गरम झाली नाही. "माहं काम बरोबर आहे," ती मला म्हणाली. "आता विहिरीवर पाहू."

विहिरीवर बाबाही आले. ते वायरमन. खांबापासून विहिरीपर्यंतची जमिनीखालची केबल त्यांनीच टाकलेली. मोटर चालू केल्यावर आत्यानं खांबापाशी व्होल्ट मोजले, सव्वादोनशे. मग विहिरीपाशी मोजले, एकशे पंच्याऐंशी. करंट दहा अँपिअर. विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी मिळाला की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि आतून तापत जाते, हे तिनं गजाननभाऊंना समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "चाळीस व्होल्ट वाटंतच गेले. धावून राह्यले दहा अँपिअर. भाग दे."

चाळीस भागिले दहा. चिमुरड्या पोरालाही येईल असं गणित, पण माझी जीभ उचलेना. चांगल्या केबलचा रेझिस्टन्स तिथं एक ओहमच्या आत यायला हवा होता. म्हणजे दोष केबलमध्ये, म्हणजे बाबांच्या कामात... आणि चार माणसं उभी होती. बाबा माझ्याकडेच पाहत होते.

"चार," मी म्हणाले.

आत्यानं मान हलवली. आवाज जराही न चढवता ती बाबांना म्हणाली, "दादा, चाळीस गुनिले दहा, चारशे वॅट. जमिनीखाली शंभराचे चार बल्ब जयून राह्यले. केबल तुही आहे. उकरून पाहा लागते."

बाबा वळले. फटफटी काढली आणि निघून गेले. त्या दिवशी घरी ते जेवले नाहीत. आपण बापाला चारचौघांत खाली पाहायला लावलं, असं मला वाटत राहिलं. आत्याला तसं काही वाटलं नसावं. ती म्हणाली, तू उत्तर सांगतलं, तेच त्याच्या कामाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो, तर बाबा आधीच पोचलेले. कुदळ बाजूला, कमरेएवढा चर खणलेला. त्यांच्या हातात केबलचा जोड होता. वरची टेप वितळून गेलेली, आतलं तांबं काळं पडलेलं. त्यांनी तो गजाननभाऊंना दाखवला. "हा जोड माह्या हातचा," ते म्हणाले. "इंदीच्या मोटरीत काही खोट नव्हती." मग बहीणभावानं मिळून सलग नवी केबल टाकली. चौथ्यांदा बांधलेली ती मोटर पुढं कितीतरी उन्हाळे चालली. रिसोडला गेलेली गिऱ्हाइकं परत आली, आणि बाबा कुठंही नवी लाइन टाकली की आत्याला मोजायला बोलावू लागले. मी आज शिरपूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्याची सुरुवात त्या 'चार'पासून आहे.

गेल्या रविवारी बाबांबरोबर गजाननभाऊंच्या मळ्यात गेले होते. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला खडूनं लिहिलेल्या आकड्यांची रांग. दरवर्षी एकदा येऊन आत्या व्होल्ट आणि करंट तिथं लिहून जायची. तिच्यासारखंच ते अक्षर, मोठं आणि सरळ. शेवटची ओळ मागच्या उन्हाळ्याची. बाबांनी खिशातून मीटर काढला, मला मोटर चालू करायला सांगितलं, चष्मा सावरून आकडे वाचले आणि त्या ओळीखाली लिहिले. मग झाकण लावलं. पाणी वांग्याच्या सऱ्यांकडे निघालं होतं.